कापडाच्या कलावंतांकडून नेमके काय घ्यावे?

शुभदा_डों

नमस्कार. मी व्यवसायाने लेखापाल असून गेली सात वर्षे हौस म्हणून भरतकाम आणि गोधडीकाम करते. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तिच्या कपाटातली अकरा सुती लुगडी माझ्या वाट्याला आली. त्यांपैकी चार इतकी विरली आहेत की उजेडासमोर धरली तर पलीकडची खिडकी दिसते. त्यांची अंथरायची गोधडी करायला मन घेत नाही, आणि नुसती घडी घालून ठेवणेही पटत नाही. भिंतीवर लावता येईल असे काही करावे, या विचाराने मी निरनिराळ्या देशांतील वस्त्रकलावंतांची कामे पाहू लागले आणि त्यातच अडकून पडले.

माझ्या फोनमध्ये आता आठशेहून अधिक छायाचित्रे आहेत. अ‍ॅनी अल्बर्स यांची पट्ट्यापट्ट्यांची विणकामे, शीला हिक्स यांचे दोऱ्यांनी गुंडाळलेले लोंबते पिळे, मृणालिनी मुखर्जी यांनी गाठी मारून उभ्या केलेल्या देवता, असे पुष्कळ काही आहे. पाहताना जो उत्साह येतो तो सुई हातात घेताच उसना वाटू लागतो. गेल्या दिवाळीत चाळीस दिवस खपून मी एक तुकडा केला. लुगड्याच्या पट्ट्या पिळल्या, त्यांवर रंगीत दोरे घट्ट गुंडाळले आणि ते सारे एका काठीवरून खाली सोडले. कलाशाळेत शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो पाहताक्षणी विचारले, "मावशी, हे शीला हिक्सचं आहे ना?" तिने ते कौतुकानेच विचारले होते, पण मी दुसऱ्या दिवशी तो तुकडा उतरवून ठेवला.

म्हणून जाणकारांना विचारते. एखाद्या कलावंताचे काम आवडते तेव्हा त्यातून तुम्ही नेमके काय उचलता? नक्षी, रंग, तंत्र, की आणखी काही?

निळावंती

आठशेपैकी सातशे नव्वद छायाचित्रे पुसून टाका. हे मी चेष्टेने लिहीत नाही. उरलेल्या दहांपैकी प्रत्येकापुढे, हे चित्र मला का थांबवते, एवढे एकच वाक्य लिहून पाहा. सुंदर आहे, असे वाक्य चालणार नाही. तीन-चार चित्रांनंतर आपल्याला लिहिता येत नाही, असे लक्षात येईल, आणि तिथेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले असावे.

जुना_मास्तर

निळावंती यांचा सल्ला मला अर्धाच मान्य आहे. मी एका कलाशाळेत अडतीस वर्षे वस्त्रसंकल्पन शिकवले आणि त्या काळात नक्कल करणाऱ्या मुलांपेक्षा नक्कल करायला लाजणाऱ्या मुलांचेच नुकसान अधिक झालेले पाहिले. शिवणवर्गाच्या वहीत आपण धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, गहू टाका एकेक ओळ भरून घालतो ती नक्कलच असते, आणि तिच्यावाचून हात तयार होत नाही. शुभदाताई, तुमच्या त्या दिवाळीच्या तुकड्यात चुकीचे काही नव्हते. ती वहीतली ओळ होती. तुम्ही ती भिंतीवर लावलीत, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट शोधायला सांगत असे: या कलावंताने स्वतःवर कोणती अट घातली होती? काम दिसते कसे, ते डोळ्यांना आपोआप कळते. अट मात्र शोधावी लागते, आणि ती सापडली की तुम्ही ती आपल्या सामानावर लावून पाहू शकता. सामान वेगळे, हात वेगळा, त्यामुळे निघणारे कामही वेगळेच निघते.

अ‍ॅनी अल्बर्स यांचेच उदाहरण घ्या. त्या १९२२ मध्ये जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाल्या. त्यांना चित्रकार व्हायचे होते, परंतु तिथे मुलींची रवानगी बहुधा विणकामाच्या कार्यशाळेतच होत असे, म्हणून त्या काहीशा नाइलाजाने मागावर बसल्या. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ती शाळा बंद पडली आणि त्या पती योझेफ अल्बर्स यांच्यासह अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेल्या. तिथे त्या विद्यार्थ्यांना लगेच मागावर बसवत नसत. मक्याचे दाणे, गवत, पिळलेला कागद, टंकलेखन यंत्राने ओळीने उठवलेली अक्षरे, अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून कापडाचा पोत उभा करायला लावत. आपण पेरूच्या किनाऱ्यावर आहोत, अंगावर वस्त्र नाही आणि हातात हत्यार नाही, अशी कल्पना करा, मग पहिला दोर कसा वळाल, येथून त्यांचा धडा सुरू होई. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४९ मध्ये त्यांचे एकटीचे प्रदर्शन भरवले. वस्त्रकलावंताला तिथे असा मान प्रथमच मिळत होता.

आता यातून काय घ्याल? त्यांचे काळे-पांढरे पट्टे घेतलेत तर भाची पुन्हा ओळखेल. मक्याच्या दाण्यांचा अभ्यास घेतलात तर तो तुमचाच होईल, कारण तुमच्या स्वयंपाकघरातले दाणे निराळे आहेत. तुरीची डाळ, पोहे, चिंचोके एकेका कागदावर चिकटवून बघा आणि मग तो पोत टाक्यांत उतरवा.

शीला हिक्स यांची अट तर आणखी साधी आहे. त्या १९३४ च्या, अमेरिकेत येल विद्यापीठात योझेफ अल्बर्स यांच्या विद्यार्थिनी. शिक्षण चालू असतानाच त्यांनी चित्राचा कॅन्व्हास ताणायची लाकडी चौकट घेऊन तिला खिळे मारले आणि तिचा माग केला. साधारण वहीच्या पानाएवढी छोटी विणकामे त्या तेव्हापासून करत आल्या आहेत. १९५७ मध्ये चिलीला गेल्या तेव्हाही चौकट बरोबरच होती, आणि पुढे इमारतींच्या दालनांत मावणार नाहीत अशी अजस्र कामे करू लागल्यावरही ती सुटली नाही. केरळात कोळिकोडच्या हातमाग कारखान्यात त्यांनी १९६० च्या दशकात काम केले होते, हे आपल्याकडे फार कोणाला ठाऊक नसते. तुम्ही त्यांचे लोंबते पिळे उचललेत, शुभदाताई. त्याऐवजी पानाएवढी चौकट उचलली असती, तर एव्हाना तुमच्याकडे चाळीस दिवसांत झालेला एक मोठा तुकडा नव्हे, चाळीस लहान तुकडे असते, आणि त्यांतले निदान दोन तरी कोणासारखेच दिसले नसते.

तिसरे नाव मुंबईचेच आहे, मोनिका कोरिया यांचे. जन्म १९३८ चा, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे, आणि विणकामाचे पहिले धडे अमेरिकेत मारियान श्ट्रेंगेल या विणकर शिक्षिकेकडे. हातमागाला फणी असते, तिच्या दातांमधून ताण्याचा एकेक धागा जातो आणि त्यामुळे सगळे उभे धागे सरळ, समान अंतरावर राहतात. कोरिया यांनी विणता विणता ही फणीच काढून घेतली. धागे शिस्त सोडून इकडे तिकडे कलले, एकमेकांजवळ आले, दूर गेले, आणि जिथे फक्त काटकोन असायचे तिथे झाडाच्या बुंध्यासारखे वळण आले. हजारो वर्षे विणकर ज्या वस्तूच्या आधाराने कापड विणत आले ती वस्तू मी अर्ध्यावर काढून टाकली तर काय होईल, एवढाच तो प्रश्न आहे. तुमच्या कामातली फणी कोणती, हे तुम्हीच ठरवायचे.

येवलेकर

मास्तरांनी फणीचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून पैठणी विणतात, आणि मी स्वतः बारा वर्षे मागावर बसून आता आमच्या मालाची विक्री पाहतो.

फणी काढणे ऐकायला सोपे वाटते, म्हणून कोणी उत्साहाने करायला जाण्यापूर्वी सांगतो. ताण्याचा प्रत्येक धागा फणीच्या दोन दातांमधून ओवलेला असतो. चालू मागावरून नेहमीची फणी काढायची तर धागे कापावे लागतील, नाहीतर वरची पट्टी उघडता येईल अशी फणी मुद्दाम करून घ्यावी लागेल. शिवाय बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकून बसवण्याचे कामही फणीच करते. ती गेली की ते हाताने, कंगव्यासारख्या एखाद्या साधनाने करावे लागते. चौकटीवर खिळे मारून विणणाऱ्याला ही अडचण नाही, कारण त्याला मुळात फणीच नसते, पण मग काढून घेतल्याची गंमतही त्याला मिळत नाही.

पैठणीविषयी एक गोष्ट इथल्या मंडळींना उपयोगी पडेल असे वाटते. पदरावर बांगडी मोर किंवा आसावली अशी नक्षी विणताना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी चालते, आणि जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे दोन्ही बाणे एकमेकांत अडकवून मागे फिरवले जातात. त्यामुळे अस्सल हातविणीच्या पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच स्वच्छ दिसते. आमच्याकडे पाहायला येणारे बहुतेक लोक मोराचे छायाचित्र काढतात. पदर उलटून पाहणारे मला बारा वर्षांत मोजकेच भेटले. मास्तरांच्या भाषेत सांगायचे तर मोर हे दिसणे झाले आणि दोन्ही बाजू सारख्या राखणे ही अट झाली.

एक तक्रारही आहे. काही वर्षांपूर्वी एक संकल्पक बाई आमच्याकडे आठवडाभर राहिल्या. माझ्या चुलत्याने त्यांना मागावर बसवून शिकवले, आणि पुढे त्यांच्या प्रदर्शनातील फलकावर "महाराष्ट्रातील अनामिक विणकरांपासून प्रेरित" असे लिहिलेले होते. अनामिक कसे? नाव विचारले असते तर चुलत्याने सांगितले असते. चहा तर रोज बरोबर घेत होते.

जुना_मास्तर

फणीविषयीची दुरुस्ती मान्य आणि तक्रारही रास्त आहे. अल्बर्स यांनी विणकामावरचे आपले पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ते प्राचीन पेरूच्या विणकरांना आपले थोर गुरू म्हणून अर्पण केले. त्या विणकरांची नावे खरोखरच काळाच्या उदरात गेली होती. जिथे नाव ठाऊक असू शकते तिथे "अनामिक" लिहिणे हा आळस आहे, किंवा त्याहून वाईट काही.

ओघात एक आठवण. आपले चित्रकार प्रभाकर बरवे वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या हातमाग विणकरांसाठीच्या सरकारी केंद्राच्या नोकरीत होते, आधी वाराणसीला आणि मग मुंबईला. १९५६ मध्ये पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या त्या केंद्राने चित्रकारांना विणकरांच्या शेजारी बसवले. कोणी कोणाकडून किती घेतले याचा हिशेब मांडणे कठीण आहे. पण निदान दोघेही एका छताखाली होते आणि एकमेकांना नावाने हाक मारत होते.

ह्यूस्टनवासी

मी १९९८ पासून अमेरिकेत ह्यूस्टनला राहते. २००२ मध्ये येथील ललित कला संग्रहालयात जीज बेंड या गावातील गोधड्यांचे प्रदर्शन भरले होते, तेव्हा सासूबाई संगमनेरहून आमच्याकडे आल्या होत्या. संग्रहालयात त्या सहसा कंटाळत. इथे मात्र पहिल्याच भिंतीपुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर वाकळ." मग टाके पाहण्यासाठी इतक्या जवळ गेल्या की रखवालदाराला त्यांना मागे व्हायला सांगावे लागले.

जीज बेंड हे अलाबामा राज्यात नदीच्या वळणावरचे, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले कृष्णवर्णीयांचे गाव. गुलामगिरीच्या काळातील मळ्यावर राबणाऱ्यांचे वंशज तिथे राहतात. १९६२ मध्ये गावकरी मतदार म्हणून नाव नोंदवू लागले तेव्हा नदीपलीकडे जाणारी फेरीबोट बंद करण्यात आली, आणि ती २००६ पर्यंत सुरू झाली नाही. एवढ्या एकाकी ठिकाणी बायका थंडीसाठी गोधड्या शिवत, त्या मिळेल त्या कापडाच्या. १९७२ मध्ये सीअर्स या कंपनीचे उशांच्या अभ्र्यांचे काम गावातल्या सहकारी संस्थेला मिळाले आणि कॉर्डरॉयचे उरलेसुरले तुकडे घरोघरी पोहोचले, म्हणून त्या काळच्या कित्येक गोधड्या कॉर्डरॉयच्या आहेत. प्रेरणा कुठून येते या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर मी दुसरीकडे पाहिलेले नाही. कापड आले म्हणून ती आली.

शुभदाताई, तुमचा मजकूर वाचून मला मिझूरी पेटवे या बाईंची गोधडी आठवली. १९४२ मध्ये नवरा वारल्यावर तिने त्याचे कामावरचे कपडे उसवले आणि त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि प्रेमापोटी ती पांघरता यावी म्हणून ती केली, असे तिची मुलगी सांगत असे. अशा गोधड्यांत विजारींचे गुडघे फिके पडलेले दिसतात, आणि जिथून खिसा किंवा ठिगळ काढले तिथे मूळचा गडद निळा चौकोन शिल्लक असतो. ती नक्षी कोणी काढलेली नाही. अंगमेहनतीने आणि उन्हाने ती उमटवली आहे, आणि बाईने तिला फक्त जागा दिली.

येवलेकरांच्या तक्रारीसंबंधी एक भर घालते. या गोधड्या नावारूपाला आल्यावर हक्क आणि मोबदल्याच्या प्रश्नावरून २००७ मध्ये काही जणींना न्यायालयात जावे लागले होते. प्रदर्शनात मात्र प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचे नाव होते, आणि सासूबाई ती नावे माझ्याकडून एकेक करून वाचून घेत होत्या.

तिनईघाट

वाकळीचा विषय निघाला म्हणून आमच्या बाजूची गोष्ट सांगतो. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या उत्तर कन्नडच्या भागात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी पुष्कळ जण पळून या जंगलात आले, त्यांचे हे वंशज. पुष्कळांच्या घरी आजही कोकणी बोलतात. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात.

कवंदीला आराखडा नसतो. जुन्या साडीवर एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात, कडेकडेने तुकडे बसवत आणि धावदोरा घालत चारी बाजूंनी फिरतात, आणि फेऱ्या घालत घालत शेवटी मध्यावर येऊन थांबतात. कोणता तुकडा कुठे लागेल हे शिवतानाच ठरते. सगळे झाल्यावर चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या घातलेले कापड शिवतात, त्याला फुलां म्हणतात. ऊब वाढवायला त्याचा काही उपयोग नाही, तरीही फुलांशिवाय कवंदी नागडी, असे त्या बायका मानतात. एका आजींना मी विचारले होते की मध्यभागी काय येईल हे आधी कसे ठरवता. त्यांनी माझ्याकडे बघून, तिथे पोहोचल्यावर कळते, एवढेच सांगितले आणि सुई ओवून मागितली.

निळावंती

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते, ती मांडते. जीज बेंडच्या बाईने किंवा सिद्दी आजींनी कोणाचीही कामे जमवून ठेवली नव्हती. प्रेरणा शोधावी लागणे हे आपल्यासारख्या सुस्थित माणसांचेच दुखणे आहे का? अमेरिकेतील ज्युडिथ स्कॉट या बाईंचे उदाहरण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जन्म १९४३ चा, डाउन सिंड्रोम, आणि बहिरेपण मोठेपणापर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. सातव्या वर्षी त्यांना संस्थेत ठेवले गेले, आणि तीन दशकांहून अधिक काळ त्या तिथेच राहिल्या. जुळ्या बहिणीने त्यांना सोडवून आणले आणि १९८७ मध्ये ओकलंडच्या एका कलाकेंद्रात दाखल केले. तिथे पहिले कित्येक महिने त्यांनी कशातच रस घेतला नाही. मग धागाकामाचा वर्ग आला आणि त्यांनी हाताला लागेल ती वस्तू, मिळेल त्या लोकरीने आणि दोऱ्याने गुंडाळायला सुरुवात केली, ती २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत. आतली वस्तू दिसेनाशी होईपर्यंत गुंडाळलेली त्यांची कामे आज संग्रहालयांत आहेत. त्यांनी कोणाकडून काय उचलले होते?

जुना_मास्तर

प्रश्न चोख आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. तरी आपण लिहिले त्यातच एक दुवा आहे. धागाकामाचा वर्ग आला, असे आपण म्हणता. कोणीतरी समोर बसून लोकर हाताळत होते, आणि ते त्यांनी पाहिले. पुढचे सारे त्यांचे. सिद्दी आजींनीही त्यांच्या आईला कडेकडेने शिवताना पाहिलेच असेल. पाहिल्यावाचून कोणी शिवत नाही. कोण फोनमध्ये पाहतो, कोण ओसरीवर.

मृणालिनी मुखर्जी यांचे पाहा. मुंबईत १९४९ मध्ये जन्म, आई-वडील दोघेही कलावंत, बडोद्याला चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिक्षण. सुब्रमण्यन यांना हस्तव्यवसायांविषयी जी आस्था होती ती त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती दिली. मुखर्जी यांनी हेंपचा, आपल्या सुतळीसारखा दिसणारा, जाड दोर घेतला. माग घेतला नाही, रेखाटनही केले नाही. नुसत्या गाठी मारत त्या पुढे जात. माणसाहून उंच अशा एकेका कामाला महिनोन्‌महिने लागत. ‘यक्षी’ १९८४ चे आणि ‘वनश्री’ १९९४ चे. हे हस्तकलेचे म्हणायचे की शिल्पकलेचे, याचा समीक्षकांना बराच काळ निर्णय होईना. त्या २०१५ मध्ये गेल्या, आणि न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन २०१९ मध्ये भरवले. गाठ मारण्याची कला त्यांनी शोधून काढलेली नव्हती. ती कुंड्या टांगायच्या शिंकाळ्यांत घरोघर होती. त्यांनी तिला विचारले असावे की, तू खाटेची दोरी आणि शिंकाळे यांच्यापलीकडे कुठवर उभी राहू शकतेस?

शुभदा_डों

सर्वांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. निळावंती, तुमचे ऐकून छायाचित्रे पुसली नाहीत, पण दहा निवडून वाक्ये लिहायला बसले. सहाव्यानंतर खरोखरच अडले. लिहिता आलेल्या सहापैकी पाच वाक्यांत "झिजलेले" किंवा "विरलेले" हा शब्द होता, आणि हे मला स्वतःला ठाऊक नव्हते.

ह्यूस्टनच्या ताईंनी लिहिलेला गुडघ्याचा फिका भाग आणि खिशाखालचा गडद चौकोन वाचून रविवारी ती चार विरलेली लुगडी उलगडली. नऊवार लांबीला आमची बैठकीची खोली पुरत नाही, म्हणून दिवाणखान्यापासून बोळातून थेट स्वयंपाकघरापर्यंत एकाखाली एक अंथरली. चारही लुगडी त्याच तीन जागी विरली आहेत. कासोटा मागे खोचला जाई तिथे, मांडी घालून बसताना गुडघा येई तिथे, आणि पदराच्या एका कोपऱ्याला, जिथे ती किल्ल्यांची गाठ मारत असे. बाकीचे कापड अजून धड आहे. ही लुगडी मी पट्ट्या करून पिळायला निघाले होते, याचे आता वाईट वाटते.

तेव्हा माझी अट अशी ठरली आहे की लुगडे कापायचे नाही, नवे कापड लावायचे नाही, आणि जिथे विरले आहे तिथेच हात लावायचा. आता ते विरलेले भाग भरतकामाने भरू की रफू करू, आणि रफू केले तर दिसेल असे की दिसणार नाही असे, एवढे मात्र कळत नाही.

निळावंती

दिसेल असे करा. दिल्लीच्या प्रिया रवीश मेहरा या विणकर कलावंत मूळच्या उत्तर प्रदेशातील नजीबाबादच्या. त्या गावी पिढीजात रफूगर आहेत आणि त्यांचे कौशल्य असे की केलेले रफू सापडूच नये. मेहरा यांनी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्या रफूगरांसोबत काम केले आणि न दिसणारी ती दुरुस्ती लोकांसमोर आणली. तुमच्या आईच्या गुडघ्याची जागा झाकण्यात काय हशील? आणि माझा पहिला सल्ला तुम्ही मोडलात तरी वाक्ये लिहिलीत, त्यामुळे राग नाही.

येवलेकर

सल्ला हाताच्या कामाचा आहे, कलेचा नाही. रफूसाठी बाजारातला नवा पॉलिश केलेला दोरा अजिबात वापरू नका. तो जुन्या सुतापेक्षा बळकट असतो आणि धुण्यात किंवा नुसत्या वजनानेही भोवतालचे विरलेले कापड कापत जातो. लुगड्याच्या टोकाला दशा, म्हणजे न विणलेले मोकळे धागे, असतील तर त्या सोडवा, नसतील तर आतल्या टोकाकडून बोटभर बाणा उसवा. त्याच कापडाचे, त्याच वयाचे सूत मिळेल. ते कमजोर असते, म्हणून लांब धागा ओवू नका, वीतभरच घ्या. रफू भोकाच्या कडेवर थांबवायचे नसते. चांगले कापड लागेपर्यंत चारी बाजूंनी दोन बोटे पुढे न्यायचे, नाहीतर महिन्याभरात कडेलाच नवे भोक पडते. टांगण्याचा विचार असेल तर नऊवाराचे वजन विरलेल्या भागावर येणार नाही असे पाहा. काठाच्या बाजूने, आडवे टांगलेले बरे.

तिनईघाट

आणि शेवटी एखादा कोपरा फुलांना ठेवा. किल्ल्यांची गाठ होती तोच.

शुभदा_डों

किल्ल्यांचा कोपरा राखून ठेवते. येवलेकर दादा, तुमच्या चुलत्यांना नमस्कार सांगा, आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांचे नाव मला व्यक्तिगत निरोपाने कळवा. फलक लिहायची वेळ आलीच तर लागेल.

आज संध्याकाळी पहिल्या लुगड्याच्या दशा सोडवल्या. ओवता येतील असे बावन्न धागे निघाले. मधेच तुटले ते वेगळ्या डबीत ठेवले आहेत.